चार नंबरचा डिस्चार्ज

सिस्टर रिटायर झाल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी झोपलेल्या नवऱ्याच्या काखेत थर्मामीटर खुपसला. नवरा दचकून जागा झाला. ताप नव्हता. "नॉर्मल," असं म्हणत त्यांनी थर्मामीटर झटकला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. पांघरुणात पडल्या पडल्या लिफ्टवाल्यांना कळून चुकलं, की आपली आजची पाळी संपली. नॉर्मल माणसाकडे ही बाई आता दिवसभर ढुंकूनही बघणार नाही.

लिफ्टवाले म्हणजे हेच ते नवरे. सगळी नोकरी त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टचा आवाज ऐकायचे आणि मग माणसांचा. स्वभावाने शांत. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसाने आरडाओरडा केला म्हणून लिफ्ट लवकर सुरू होत नाही, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की स्वतः आरडाओरडा करायची त्यांची सवयच गेली होती. सिस्टर मात्र चौतीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात होत्या. त्यांच्या एका हाकेसरशी चाळीस बाप्ये कूस बदलायचे. इमारतीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, आणि लिफ्टवालेही सिस्टरच म्हणत. नवरा बायकोला अशी हाक मारतो म्हटल्यावर नव्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पण लिफ्टवाल्यांचा इलाज नव्हता. त्यांची ओळखच तशी झाली होती.

तरुणपणी एकदा ते लिफ्टच्या खड्ड्यात पडले. हात मोडला, दोन बरगड्यांना तडे गेले. अकरा दिवस ते सिस्टरच्या वॉर्डात होते. त्या अकरा दिवसांत सिस्टर त्यांच्यावर सतरा वेळा ओरडल्या, त्यांना लहान मुलासारखं भरवलं, आणि ड्यूटी संपल्यावर रोज अर्धा तास त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या. पाय दुखतात म्हणून बसते, असं सांगायच्या. बाराव्या दिवशी डिस्चार्जचा कागद हातात पडला तेव्हा लिफ्टवाल्यांना रडू कोसळायच्या बेतात होतं. हाड पुरतं जुळायला तीन महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले होते, तेवढ्या मुदतीत त्यांनी घाईघाईने लग्न उरकून घेतलं. त्यानंतर हाड जुळलं. तिथेच घोळ झाला.

प्रेम नव्हतं असं अजिबात नाही. घरात कुणाला नुसतं शिंकायला आलं तरी सिस्टर हातातलं काम टाकून धावायच्या. लिफ्टवाल्यांना एकदा कावीळ झाली तेव्हा त्यांनी महिनाभराची रजा टाकली होती. पण कावीळ उतरली त्या दिवशी दुपारच्या ड्यूटीला हजर. त्यांची नजरच तशी घडलेली होती. दुखणं असेल तर दिसायचं, नसेल तर तिथे भिंत आहे की नवरा आहे, काही फरक नाही. मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती, तिचा फोन आला की सिस्टर विचारायच्या, "काही त्रास?" ती म्हणायची, "नाही गं आई." "मग ठेवते," असं म्हणून सिस्टर ठेवून द्यायच्या. पोरीने बिचारीने पुढे पुढे डोकेदुखी राखून ठेवायला सुरुवात केली. आईशी बोलावंसं वाटलं की ती डोकेदुखी काढायची.

लिफ्टवाले दोन वर्षं आधी रिटायर झाले होते आणि ही दोन वर्षं त्यांनी सिस्टरच्या रिटायर होण्याची वाट बघण्यात काढली होती. त्यांची मागणी अगदी साधी होती. संध्याकाळी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, दोघांनी मिळून समोर कशाकडे तरी बघावं, आणि त्या वेळात कुणी कुणाचं काहीही करू नये. बस. यापेक्षा जास्त काही त्यांना आयुष्याकडून नको होतं.

आधी त्यांनी टीव्ही लावून पाहिला. सिस्टर पाचच मिनिटांत म्हणाल्या, "या बातम्या देणाऱ्या माणसाचा थायरॉइड तपासायला हवा," आणि चॅनेलचा फोन नंबर शोधायला उठल्या. मग खिडकीशी खुर्च्या मांडून पाहिल्या. खालून एक माणूस लंगडत चालला होता. सिस्टरनी त्याला वरूनच थांबवलं, चप्पल काढायला लावली आणि कुरूप कुठे आहे ते दाखव म्हणाल्या. तो माणूस पुन्हा त्या रस्त्याने गेला नाही. तेव्हा लिफ्टवाल्यांच्या डोक्यात मासे आले. माशाला थायरॉइड आहे की नाही, हे निदान तोंडावरून तरी कळत नाही. आणि माशाला पायच नसतात, तो लंगडणार कुठून?

तीन फुटांची काचेची टाकी आली, खाली वाळू पसरली, एक मातीचं मडकं आडवं ठेवलं. मासेवाल्याने आपल्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंजही दिला, त्याने म्हणे पाणी लवकर मुरतं. आठवडाभर टाकी नुसतीच चालू ठेवून मग दोघं चार गोल्डफिश आणायला गेले. आता हा मासेवाला भला माणूस, पण बोलघेवडा. त्याने प्लास्टिकच्या पिशवीत मासे घातले, हवा भरली, रबर लावलं आणि नेहमीची टकळी सुरू केली. "लांबून आलेत हो बिचारे, घाबरलेत. घरी गेल्या गेल्या पाण्यात ओतू नका, शॉक बसतो. पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या. मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, घाई नको. आज खायला द्यायचं नाही. लाइट बंद. आवाज नको. पहिल्या दोन दिवसांत काय होईल ते होईल, ते निघाले की मग काळजी नाही."

लिफ्टवाल्यांनी सहज बायकोकडे पाहिलं. सिस्टर ताठ उभ्या राहिल्या होत्या. रिटायर झाल्यापासून खाली आलेले खांदे वर गेले होते. त्यांनी पिशवी उजेडात धरली आणि विचारलं, "यांचे कागद कुठायत?"

"कसले कागद?" मासेवाला म्हणाला.

"चार पेशंट पाठवताय, एक चिठ्ठी नाही? कुठून आले, काय खात होते, कधीपासून घाबरलेत?"

मासेवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं.

घरी आल्यावर पडदे ओढले गेले. दाराच्या घंटीत कापूस कोंबला गेला. दारावर कागद लागला, "शांतता राखा. भेटण्याची वेळ सायंकाळी पाच ते सहा." सिस्टरनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली, तिच्यातून सलाइनचा सेट निघाला. टाकीतलं पाणी त्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भरलं, बाटली पडद्याच्या दांडीला टांगली, खाली बादलीत मासे पिशवीतल्या पाण्यासकट ठेवले, आणि नळीचं चाक फिरवून थेंब मोजले. थोडं थोडं पाणी घाला, असं मासेवाला म्हणाला होता. सिस्टरनी मिनिटाला साठ थेंब लावले. दर पंधरा मिनिटांनी त्या बादलीवर वाकून पेशंटची तब्येत बघत आणि फळ्याला लावलेल्या कागदावर नोंद करत. बादलीतल्या माशांनाही आपण फार आजारी आहोत असं वाटू लागलं असावं, कारण ते चौघंही एका कोपऱ्यात गोळा होऊन निपचित राहिले.

"सिस्टर," लिफ्टवाले अंधारात हळूच म्हणाले, "आपण जरा बसू या का? हे होईल आपोआप."

"आपोआप काही होत नसतं," सिस्टर म्हणाल्या. "आणि पेशंटच्या समोर बोलू नका."

चार तासांनी मासे टाकीत गेले. एक नंबर पांढरा, डोक्यावर केशरी टोपी. दोन नंबर काळा. तीन नंबरला लांबलचक शेपूट, ते त्यालाच जड व्हायचं. चार नंबर साधा केशरी गोल्डफिश होता, सगळीकडे असतो तसा, सांगण्यासारखं काही नाही. लिफ्टवाल्यांना तोच बरा वाटला.

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला समोरच्या दाराचे विमावाले आले. दारावरचा कागद वाचून त्यांना वाटलं, लिफ्टवाले अंथरुणाला खिळले. सहानुभूती म्हणून सहा संत्री आणि जमल्यास एक पॉलिसी, अशी दोन्ही तयारी करून ते आले होते. अंधारात त्यांना लिफ्टवाले उभे दिसले, तेव्हा ते जरा खट्टूच झाले. मग तळमजल्यावरचे शिंपी आले, मग वरच्या मजल्यावरच्या टायपिंगवाल्या बाई आल्या. तिघंही टाकीसमोर ओळीने उभे राहिले, आवाज खाली आणला, आणि आजाऱ्याला बघायला गेल्यावर माणसं बोलतात ते सगळं बोलले. "रंग जरा उतरलाय नाही?" "होतं असं, जागा बदलली की." "धीर सोडायचा नाही." शिंप्यांनी तर आपल्या मेव्हण्याच्या ऑपरेशनची गोष्टही सांगितली.

जायच्या वेळी सिस्टरनी रजिस्टर पुढे केलं. प्रत्येक पेशंटमागे एक जबाबदार नातेवाईक लागतो, हा त्यांच्या वॉर्डाचा नियम. भेटायला आलेलं माणूस म्हणजे नातेवाईक, यात त्यांना काही शंका नव्हती. विमावाल्यांनी एक नंबरपुढे सही केली, शिंप्यांनी दोन नंबरपुढे, टायपिंगवाल्या बाईंनी तीन नंबरपुढे. सही मागितली की माणूस करतो, विशेषतः अंधारात. चार नंबरपुढची जागा मोकळी राहिली. सिस्टरनी पेन नवऱ्याच्या हातात दिलं. लिफ्टवाल्यांनी मुकाट्याने सही केली. नातं काय, या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी 'मित्र' लिहिलं.

पुढचे दिवस लिफ्टवाल्यांच्या दृष्टीने वाईटही नव्हते. सिस्टर घरात होत्या. टाकीसमोर खुर्चीही होती, आणि त्या तिच्यावर बसायच्याही. पण शेजारची दुसरी खुर्ची ठेवायला जागा नव्हती, तिथे टेबलावर औषधं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रत्येकाला माशांच्या दाण्यांच्या एका चिमटीचा चौथा हिस्सा घातला. एक नंबरने खाल्लं. दोन नंबर मडक्यात लपला होता तो तिसऱ्या दिवशी बाहेर आला. तीन नंबर पाचव्या दिवशी शेपूट आवरून नीट पोहायला लागला. बघणाऱ्याला वाटावं, झालं, मासे रुळले, आता दिवे लावा, पडदे उघडा, खुर्च्या मांडा. लिफ्टवाल्यांना अगदी हेच वाटलं. सातव्या दिवशी त्यांनी चहाचे दोन कप भरले आणि दुसरी खुर्ची आणायला वळले. तेवढ्यात सिस्टर रजिस्टर मिटून म्हणाल्या, "एक, दोन, तीन बरे झाले. डिस्चार्ज."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, म्हणजे? बरं झालेलं माणूस वॉर्डात ठेवून करायचंय काय? बोलवा नातेवाइकांना."

त्या सकाळी सगळ्या इमारतीची तारांबळ उडाली. विमावाले हात जोडून म्हणाले, "अहो सिस्टर, मी नुसता बघायला आलो होतो."

"बघायला येता, सही करता, आणि घरी न्यायची वेळ आली की अंग काढून घेता?" सिस्टर कडाडल्या. "असले नातेवाईक मी चौतीस वर्षं पाहिलेत. पेशंट दारात बसून राहतो आणि हे फोन उचलत नाहीत."

विमावाल्यांनी आयुष्यात शेकडो लोकांकडून नाही नाही म्हणता सह्या घेतल्या होत्या. आपल्या सहीत आपणच असे अडकू, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दुपारपर्यंत ते टाकी घेऊन आले. शिंप्यांनी कापडाच्या ताग्यांच्या बाजूला जागा केली. टायपिंगवाल्या बाईंनी आढेवेढे घेतले, तेव्हा सिस्टर स्वतः वर जाऊन मशीनच्या खडखडाटापासून टाकी किती लांब ठेवायची ते खडूने आखून आल्या. प्रत्येकाला कार्ड मिळालं. दिवसातून दोनदा चिमूटभर. काचेवर टकटक करू नये. त्रास वाढल्यास पेशंटला घेऊन येणे. गंमत म्हणजे तिघांनाही लळा लागला. विमावाले तर संध्याकाळी दार उघडं टाकून एक नंबरसमोर तासतासभर बसायचे, आणि लिफ्टवाले आपल्या दारातून ते बघायचे. दुसऱ्याच्या घरात आपली खुर्ची आणि आपला मासा बघून त्यांच्या जिवाची अशी काही तगमग व्हायची, की ते दार लावून घ्यायचे.

उरला चार नंबर. तो तसा पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. सिस्टरनी त्याला एक दिवस जास्त ठेवला होता, तो केवळ इतका साधा पेशंट त्यांना संशयास्पद वाटला म्हणून. इकडे मासेवाल्याचा निरोप आला होता. सोमवारी दुपारी आठ नवे मासे येणार होते, भलतेच नाजूक. सिस्टरनी दोन आठवडे सांभाळून दिले तर उपकार होतील, असं तो म्हणत होता. सिस्टरचा चेहरा उजळला. म्हणजे चार नंबरला सोमवारच्या आत बेड रिकामा करावा लागणार होता. आणि चार नंबर गेला की मग एकामागून एक आजारी मासे येतील, बरे होतील, जातील, आणि ती दुसरी खुर्ची स्वयंपाकघरातच राहील. हे सगळं लिफ्टवाल्यांना लख्ख दिसलं.

सरळमार्गी माणूस घसरला की फार घसरतो. लिफ्टवाल्यांनी चार नंबरला आजारी पाडायचं ठरवलं. खराखुरा नाही, कागदावर. सिस्टर सकाळी साडेनऊला खाणं घालायच्या. लिफ्टवाले साडेआठलाच, त्या आंघोळीला गेल्या की, टाकीत चार दाणे जास्त टाकायचे. मासा तुडुंब होऊन मडक्याशी पडून राहायचा. साडेनऊला सिस्टर दाणे घालत, तो ढुंकून बघायचा नाही. "जेवणावर वासना नाही," सिस्टर काळजीने लिहायच्या. एके दिवशी लिफ्टवाल्यांनी मडक्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे मासा सारखा मडक्याआड लपूनच बसलेला वाटे. "खिन्न," असं सिस्टरनी लिहिलं. लिफ्टवाल्यांना लाज वाटली. पण त्या दिवशी सिस्टर टाकीपाशी बसून म्हणाल्या, "काय झालं रे तुला? सांगशील तर कळेल ना," आणि त्यांचा तो आवाज ऐकून लिफ्टवाले स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ दुरुस्त करत बसले. स्टुलावरचा आवाज होता तो. किती वर्षांनी ऐकला होता.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळी, सिस्टरनी दाण्यांची बाटली नवऱ्यापुढे टेबलावर ठेवली. बाटलीवर पेनाने बारीक बारीक रेघा ओढलेल्या होत्या, एकेका तारखेची एकेक रेघ.

"वॉर्डातल्या टॉनिकच्या बाटल्यांवर मी अशाच रेघा ओढायची," त्या म्हणाल्या. "चार दिवस बाटली दुप्पट उतरतीय. उपाशी पेशंटचं पोट असं टम्म नसतं. कोण खायला घालतंय?"

लिफ्टवाल्यांनी बाटली फिरवून रेघा भिंतीकडे केल्या.

"चौतीस वर्षांत मी सोंग घेणारे पेशंट पाहिलेत. पण पेशंट धडधाकट आणि सोंग घेतो नातेवाईक, हे पहिल्यांदा बघतीय. कशासाठी?"

आत्ताच सांगून टाकावं, असं लिफ्टवाल्यांना वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले. पण सिस्टरच्या चेहऱ्यावर वॉर्ड होता, आणि पुढच्या चाळीस खाटा बघायच्या होत्या. ते एवढंच म्हणाले, "राहू दे ना त्याला इथेच."

"कशाला? काय झालंय त्याला?"

"काही नाही."

"मग?" सिस्टरना खरंच कळत नव्हतं. त्यांनी रजिस्टर उघडलं. "चार नंबर, डिस्चार्ज. नातेवाईक आपण. अकरापर्यंत घेऊन जा, मला टाकी गरम पाण्याने धुवायचीय."

नियम तो नियम. लिफ्टवाल्यांनी चार नंबरला झाकणाच्या बादलीत घेतलं, कार्ड खिशात घातलं, रजिस्टरवर सही केली. सिस्टरनी दार उघडून धरलं आणि सवयीप्रमाणे म्हणाल्या, "तब्येतीला जपा. पुन्हा यायची वेळ येऊ नये." दार बंद झालं. लिफ्टवाले बादली घेऊन आपल्याच घराबाहेर उभे राहिले.

कुठे जावं ते सुचेना, म्हणून ते लिफ्टमध्ये शिरले. तळमजल्यावर गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. शिंप्यांनी दुकानातून हात केला. बादलीत चार नंबर गोल गोल फिरत होता. तिसऱ्या खेपेला आपल्या मजल्यावर लिफ्ट थांबली तेव्हा समोर विमावाले उभे होते.

"कुठे निघालात?"

"घरी."

"अहो, घर हे काय समोर!"

"हो, पण आम्हाला डिस्चार्ज मिळालाय," लिफ्टवाले म्हणाले.

विमावाले माणूस पाहून बोलणारे. ते हसले नाहीत. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याकडे द्या त्याला. एक नंबरला सोबत होईल, एकटा कंटाळतो तो. तुम्हीही येत जा संध्याकाळी. खुर्ची आहे."

देणं वाईट नव्हतं. माशाचं भलं झालं असतं, लिफ्टवाल्यांना खुर्ची मिळाली असती, सिस्टरना मोकळी टाकी मिळाली असती. सगळ्यांचं छान जमलं असतं. लिफ्टवाल्यांनी क्षणभर विचारही केला. मग त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी मोठ्याने सांगून टाकलं, कारण आता लपवून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मला माशाकडे बघायचंच नाहीये हो. मला तिच्याशेजारी बसायचंय."

विमावाल्यांनी मान डोलावली आणि आपलं दार हळूच लावून घेतलं.

लिफ्टवाल्यांनी घंटी दाबली. घंटीत अजून कापूस होता, ती वाजलीच नाही. त्यांनी दार ठोठावलं. सिस्टरनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात घासणी होती, बाह्या वर सारलेल्या होत्या. बादली बघून त्या एकदम वाकल्या. "काय झालं? उलटा पडला? की श्वास लागलाय?"

"काही झालं नाही."

"मग तुम्हाला काही होतंय का? छातीत? चक्कर?" त्यांनी लगेच नाडी धरली.

"सोड," लिफ्टवाले म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच काढून घेतला असेल. "मला काहीही झालेलं नाही. त्यालाही नाही. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, आणि आम्हाला आत यायचंय."

"कशासाठी?"

"बसायला. दर वेळी तुझ्याशेजारी बसायला मिळावं म्हणून मला आजारी पडायचं नाहीये. आता हाड मोडलं तर जुळायचं पण नाही. मला बरा असताना तुझ्याशेजारी बसायचंय, एवढंच. तुला जमत नसेल तर तसं सांग, मी पुन्हा खाली जातो."

सिस्टर दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा वॉर्ड कुठे गेला ते कळलं नाही, पण त्याच्या जागी काय आणावं हे त्यांना माहीत नसल्यासारखा चेहरा झाला. रिटायर झालेल्या बाईचा नव्हे, पहिल्याच दिवशी ड्यूटीला आलेल्या मुलीचा. त्या हळूच म्हणाल्या, "मला नाही हो येत ते."

"मलाही कुठे येतंय?"

टाकीत धुण्याचं गरम पाणी होतं. त्यामुळे बादलीच दिवाणखान्याच्या मधे ठेवली. लिफ्टवाल्यांनी स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणली. पडदे उघडले. दोघं बादलीवर जरा वाकून बसले. वरून बघितलं तर गोल्डफिशची नुसती पाठच दिसते, फारसं काही बघण्यासारखं नसतं.

"आता काय करायचं?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाही."

"किती वेळ? दुपारी आठ पेशंट यायचेत."

"बघू."

सिस्टरनी हात मांडीवर ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले. थोड्या वेळाने लिफ्टवाल्यांनी चोरून बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. त्या चार नंबरच्या कल्ल्यांची उघडझाप मोजत होत्या. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. एकेचाळीसच्या पुढे कुठेतरी त्या चुकल्या. आता पुन्हा एकपासून सुरू करतील, म्हणून लिफ्टवाले त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. सिस्टरनी सुरू केलं नाही.